बटण, चमचा, बुटाचा खिळा : रणांगणातल्या बारीक वस्तू दफनाबद्दल काय सांगतात?

शोधयात्री

लिटल बिगहॉर्नच्या माळावर संगमरवरी दगड २५२ आहेत. तिथे अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्यासोबत मेलेली माणसं मात्र साधारण २१०. मग वरचे चाळीसेक दगड कुणाचे?

हा प्रश्न डोक्यात बसला आणि गेले काही महिने मी रणांगणावरच्या उत्खननांबद्दल मिळेल ते वाचतोय. आधी याचं उत्तर सांगतो, मग धाग्याचा विषय.

लढाई झाली २५ जून १८७६ ला, अमेरिकेतल्या माँटानात, कस्टरचं घोडदळ आणि तिथल्या मूळनिवासी टोळ्यांमध्ये. तीन दिवसांनी, २८ जूनला, वाचलेले सैनिक प्रेतं पुरायला आले. उन्हाने प्रेतांची अवस्था वाईट झालेली, फावडी-कुदळी अपुऱ्या. खड्डा खणून पुरणं बहुतेकांच्या नशिबी नव्हतंच. प्रेत होतं तिथेच ठेवून दोन्ही बाजूंची माती ओढून वर टाकली. १८८१ मध्ये हाडं गोळा करून टेकडीवर एकाच मोठ्या कबरीत ठेवली. जिथे माणूस पडला ती जागा दाखवणारे दगड लागले १८९० मध्ये.

पुढे १९८३ मध्ये माळाला वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली आणि १९८४-८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी मेटल डिटेक्टर घेऊन पद्धतशीर शोध घेतला. काही ठिकाणी दोन दगड अगदी जोडीने उभे होते. तिथे खणल्यावर गणवेशाची बटणं, बुटाचे खिळे आणि बोटांची बारीक हाडं मिळाली (१८८१ च्या गोळाबेरजेत सुटलेली), पण बहुतेक जोड्यांखाली ऐवज एकाच माणसाचा. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की माती दोन्ही बाजूंनी ओढल्यामुळे प्रेताच्या डावी-उजवीकडे दोन खळगे राहिले. चौदा वर्षांनी दगड लावायला आलेल्यांना त्या दोन कबरी वाटल्या.

म्हणजे मूठभर बटणांनी दाखवलं काय? मेलेल्याचं नाव नाही. पुरणारा कसा उभा होता, त्याच्याकडे काय नव्हतं, त्याला किती घाई होती, ते. माझं म्हणणं एवढंच आहे : या वस्तू मेलेल्याचं नाव क्वचित सांगतात, पुरणाऱ्याचे हात मात्र जवळपास नेहमीच दाखवतात. आणि हे हात आपण फार कमी पाहतो. लढाईचं वर्णन शेवटची गोळी सुटली की संपतं. त्यानंतरचे तीन-चार दिवस कुणी लिहून ठेवत नाही.

तुमच्या वाचनातली उदाहरणं द्या. माझं चुकत असेल तर तेही सांगा.

जुनी_नाणी

उत्तम विषय. दोन टोकं सांगते.

पहिलं व्हिस्बी, स्वीडनचं गॉटलंड बेट, जुलै १३६१. डेन्मार्कच्या राजाच्या सैन्याने तिथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत तिथल्या सामूहिक कबरी खणल्या तेव्हा ११८५ माणसांचे अवशेष मिळाले आणि अनेकांच्या अंगावर चिलखत तसंच होतं. कड्यांच्या टोप्या कवटीवर घट्ट बसलेल्या, छातीवर लोखंडी पट्ट्यांचे अंगरखे. एकाजवळ नाण्यांची पिशवीही होती. मध्ययुगात चिलखत ही केवढी महागडी चीज! जिंकणारे ते सोडून जात नसत. इथे सोडलं, कारण भर उन्हाळा होता, प्रेतं प्रचंड होती आणि ती कुजायच्या आत मातीआड करायची होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. चिलखत जुन्या पद्धतीचं होतं हेही कारण दिलं जातं.

दुसरं ल्युट्झेन, जर्मनी, नोव्हेंबर १६३२. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ जिथे पडला ती लढाई. तिथली ४७ जणांची कबर २०११ मध्ये मातीच्या ढेकळासकट उचलून हालेच्या संग्रहालयात नेली आणि प्रयोगशाळेत सावकाश उकलली. अंगावर जवळपास काही नाही. कपडे, बूट, पट्टे सगळं काढून घेतलेलं. राहिल्या फक्त शिशाच्या गोळ्या, त्याही कवटीच्या आत अडकलेल्या, म्हणून. काढून नेण्यासारख्या नव्हत्या एवढंच.

एकीकडे चिलखतासकट माणूस, दुसरीकडे बटणसुद्धा नाही. दोन्ही कबरी ‘सामूहिक’च, पण पुरणाऱ्यांच्या त्या दिवसात जमीन-अस्मानाचा फरक. ल्युट्झेनला न सापडलेली वस्तू हाच पुरावा आहे.

पाऊलखुणा

वाचतेय. एक अगदी प्राथमिक शंका. कापड कुजतं, चामडं कुजतं, मग काढून नेलं की कुजून गेलं हे ठरवतात कसं?

मातीवाचक

पाऊलखुणा, शंका प्राथमिक नाही, सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. मी काही वर्षं उत्खननांत मदतनीस म्हणून काम केलंय (रणांगणावर नाही, जुन्या दफनभूमीत), त्यामुळे हाताला माहीत असलेलं सांगतो.

कपडा गेला तरी त्याला धरून ठेवणारं सामान राहतं. बटणं, हुक, बकल, नाडीच्या टोकाची धातूची टोपी, टाचण्या. हे सामान छातीच्या हाडावर ओळीने मिळालं तर माणूस कोट घालून, बटणं लावलेल्या स्थितीत पुरला. बटणांची तीच ओळ कण्याच्या खाली मिळाली आणि चेहरा जमिनीकडे असेल, तर तो पालथा पुरला किंवा फेकला गेला. बटणं खड्डाभर विखुरली असतील तर कोट अंगावर नव्हता, वर टाकलेला होता, किंवा नंतर कुणीतरी खड्डा उकरला. आणि गणवेश काढून चादरीत गुंडाळला असेल तर बटणांऐवजी टाचण्या मिळतात.

बुटाचं तर फारच स्पष्ट. तळव्याला ठोकलेले खिळे चामडं गेल्यावरही मातीत बुटाच्या आकारात राहतात. पावलाच्या हाडांखाली तो आकार असेल तर बूट पायात होते. नसेल तर कुणीतरी काढून घेतले. युद्धात चांगले बूट ही प्रत्येकाची गरज, त्यामुळे बुटांची नोंद मी आधी वाचतो.

आता टिकण्याबद्दल. तांबं आणि पितळ गंजताना त्यातले क्षार आजूबाजूला झिरपतात आणि हे क्षार जिवाणूंना मारक असतात. म्हणून पितळी बटणाला चिकटलेला कापडाचा तुकडा, दोरा, कधी त्वचासुद्धा शाबूत राहते आणि शेजारचं हाड हिरवं पडतं. बटण हरवलं तरी तो हिरवा डाग सांगतो की इथे होतं. लोखंडाचं वेगळं. ते गंजताना कापडाची वीण स्वतःत उतरवून घेतं. धागा जातो, ठसा राहतो, त्यावरून कापड जाडं लोकरीचं की सुती तेही कळतं. शिसं वरून पांढरट होतं पण आकार सोडत नाही, त्यामुळे हाडावर आपटून चपटलेली गोळी आणि नुसती खाली पडलेली गोळी नजरेने वेगळ्या ओळखता येतात.

गोळीची जागाही बघावी लागते. मांसात रुतलेली गोळी मांस गेल्यावर खाली सरकते आणि बरगड्यांच्या पिंजऱ्यात किंवा कण्याजवळ पडून राहते. ती पुरणाऱ्याने टाकलेली नाही, शरीरासोबत आलेली आहे.

यातली एकही गोष्ट वस्तू जागेवरून उचलल्यावर सांगता येत नाही. कितीही सुंदर बटण असू दे, टेबलावर ठेवलेलं बटण हे फक्त बटण असतं.

शोधयात्री

मातीवाचक, मनापासून आभार. ‘हिरवा डाग’ मला माहीत नव्हता.

आठवण

धागा आवडला, पण मूळ म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही. ‘नाव क्वचित सांगतात’ असं म्हणून तुम्ही नावाला दुय्यम करताय. ज्या घरातला माणूस परत आला नाही त्या घराला पुरणाऱ्याच्या हातांशी काय करायचंय? त्यांना नावच हवं असतं. आणि फ्रोमेलला तेच झालं.

फ्रोमेल, उत्तर फ्रान्स, १९-२० जुलै १९१६. एका रात्रीत ऑस्ट्रेलियाचे साडेपाच हजारांवर सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. जर्मन खंदकांपर्यंत पोचून तिथेच पडलेल्यांना जर्मनांनी आपल्या हद्दीत, फेझंट वूड नावाच्या झाडीशेजारी खड्डे खणून पुरलं. युद्ध संपल्यावर शोधपथकांच्या नजरेतून ती जागा सुटली. मेलबर्नचे निवृत्त शिक्षक लँबिस एंग्लेझोस वर्षानुवर्षं सांगत राहिले की नोंदीतले आकडे जुळत नाहीत, माणसं अजून तिथेच आहेत. जुन्या हवाई छायाचित्रांत खड्डे दिसत होते, पण रिकामे की भरलेले?

२००७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या टोनी पोलार्ड यांच्या पथकाने मेटल डिटेक्टरने ती जमीन तपासली. वरच्या मातीत एक पदक मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या ॲल्बर्टन नावाच्या ग्रामीण भागाने आपल्या इथून भरती झालेल्या तरुणांना दिलेलं. लढाईचं नाही, गावाने निरोप देताना दिलेलं पदक! त्या जागेवर ऑस्ट्रेलियन सैन्य लढत लढत कधीच पोचलं नव्हतं. मग पदक तिथे आलं कसं? मेलेल्या माणसाच्या अंगावरूनच. पुढच्या वर्षी खणून खात्री झाली, २००९ मध्ये २५० जणांचे अवशेष आणि सहा हजारांवर वस्तू बाहेर काढल्या. एकाजवळ फ्रीमँटल ते पर्थ रेल्वेचं परतीचं तिकीट होतं. १९१० मध्ये नवी दफनभूमी झाली... चुकलं, २०१० मध्ये. नातेवाइकांचा डीएनए जुळवून आजवर दीडशेहून जास्त जणांना नाव परत मिळालंय.

ते तिकीट वाचून मला पुढचं वाचवेना. परतीचं होतं.

शोधयात्री

आठवण, तुमचा मुद्दा लागला. नाव दुय्यम आहे असं मला म्हणायचं नव्हतं, आणि मी ते नीट लिहिलं नाही. पण फ्रोमेलमध्येच बघा : पदकाने जागा सांगितली, नाव दिलं ते मुख्यतः डीएनएने. आणि त्यांच्या गळ्यात ओळखबिल्ले का नव्हते? तिथेही पुन्हा पुरणाऱ्याचे हात येतात.

ब्रिटिश सैन्यात १९०७ पासून ॲल्युमिनियमचा एक बिल्ला असे. १९१४ मध्ये तो बदलून लाल रंगाच्या दाबीव तंतूंचा केला, तोही एकच. माणूस मेला की बिल्ला काढून नोंदीसाठी पाठवायचा. कागदावर मृत्यू पक्का, पण जमिनीतलं शरीर त्या क्षणी बेनाव झालं. ही चूक लक्षात यायला लाखो माणसं जावी लागली. सप्टेंबर १९१६ मध्ये दोन बिल्ल्यांचा आदेश निघाला : लाल गोल काढून न्यायचा, हिरवा अष्टकोनी शरीरासोबत ठेवायचा. फ्रोमेल त्याच्या दोन महिने आधीचं. जर्मनांनी नियमाप्रमाणे बिल्ले काढून घेतले, मृतांची माहिती रेड क्रॉसमार्फत कळवली, आणि त्या प्रामाणिक कामामुळेच खड्ड्यातली माणसं अनोळखी झाली. शिवाय दाबीव तंतूंचा तो बिल्ला ओल्या मातीत कुजतोच.

एक उदाहरण देतो जिथे नाव मिळालंच नाही. अरासजवळ प्वां द्यू झूर इथे २००१ मध्ये वीस ब्रिटिश सैनिकांची कबर मिळाली, एप्रिल १९१७ ची. लिंकनशायर रेजिमेंटच्या दहाव्या बटालियनचे, एकाच गावातून एकत्र भरती झालेले म्हणून ‘ग्रिम्सबी चम्स’ म्हणत त्यांना. वीस जण ओळीने शेजारी शेजारी, हातात हात अडकवून ठेवलेले. एकाचंही नाव खात्रीने सांगता आलं नाही. पण ज्यांनी त्यांना तसं ठेवलं ते त्यांना ओळखत होते, याबद्दल मला शंका नाही. तोफा चालू असताना प्रत्येकाचा हात शेजाऱ्याच्या हातात अडकवायला वेळ लागतो. तो त्यांनी दिला.

आठवण

हे माहीत नव्हतं. ठीक आहे, दोन्ही हवं. माझा विरोध मागे.

बर्फवाट

दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्व आघाडीवरचं मी थोडं वाचलंय, भर घालतो.

सोव्हिएत सैनिकांकडे धातूचा बिल्ला नसे. एबोनाइटची काळी नळी असे, फिरकीचं झाकण, आत कागदाची चिठ्ठी. नाव, गाव, घरचा पत्ता सैनिकाने स्वतः पेन्सिलीने भरायचा. अनेकांनी चिठ्ठी कोरीच ठेवली, कारण ती भरली की मरण येतं अशी समजूत होती. ज्यांनी भरली त्यातल्या कितीतरी चिठ्ठ्या पाणी शिरून लगदा झाल्या. आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये ही नळीच बंद केली. त्यामुळे आज रशियातली स्वयंसेवी शोधपथकं जंगलात आणि दलदलीत हाडं शोधतात तेव्हा त्यांची आशा असते चमच्यावर. सैनिक आपल्या ॲल्युमिनियमच्या चमच्यावर, जेवणाच्या डब्यावर टोकाने नाव किंवा आद्याक्षरं कोरून ठेवत. चमचा चोरीला जाऊ नये म्हणून कोरलेलं नाव पन्नास-साठ-ऐंशी वर्षांनी घरच्यांपर्यंत पोचतं.

जर्मनांचा बिल्ला लंबगोल, मधोमध भोकांची रेघ. मेल्यावर खालचा अर्धा मोडून न्यायचा, वरचा शरीरावर ठेवायचा. आता शोधयात्रींच्या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा नाही : अर्धा बिल्ला मिळाला तर कुणीतरी त्या माणसापाशी गुडघे टेकून बसलं होतं, मोडून नेलं, वर कळवलं. अख्खा मिळाला तर त्याच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. तो घरच्यांसाठी ‘बेपत्ता’ राहिला.

ब्रिटिशांच्या चमच्याचंही तसंच. पायाच्या पट्टीत चमचा खोचून ठेवायची सवय होती, म्हणून युद्धानंतर प्रेतं उकरून हलवणारी पथकं पायाकडे आवर्जून बघत. (ही पायाला गुंडाळायची पट्टी इंग्रजांनी आपल्याकडून नावासकट नेली.) गळा, मनगट, खिसे, बुटांवरचे क्रमांक असं सगळं तपासायच्या सूचना होत्या. कबर कुठे आहे ते शोधायच्या खुणाही ठरलेल्या : जमिनीत उभी रोवलेली बंदूक, खड्ड्यात साचलेलं काळपट-हिरवं पाणी, आजूबाजूपेक्षा गर्द गवत, आणि उंदरांच्या बिळांशी बाहेर आलेले हाडांचे किंवा सामानाचे तुकडे. कधी कागदावर नाव लिहून बाटलीत घालून ती कबरीवर उपडी रोवलेली असे. ज्याने ती बाटली रोवली त्याला ठाऊक होतं की आपण इथे परत येऊ याची खात्री नाही.

पाऊलखुणा

अख्खा बिल्ला म्हणजे कुणी पोचलंच नाही. हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे.

भारतीय सैनिकांचं काय? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये हजारो होते ना?

जुनी_नाणी

होते, आणि त्यांच्याही कबरी अजून निघतात. २०१६ मध्ये न्यूव शापेलजवळ रिशबूर गावाच्या हद्दीत खोदकामात काही सैनिकांचे अवशेष मिळाले. त्यातले दोघे ३९ व्या गढवाल रायफल्सचे होते हे कळलं ते खांद्यावरच्या धातूच्या बिल्ल्यावरून, त्यावर ‘३९’ होतं. नाव नाही, पण पलटण पक्की. नोव्हेंबर २०१७ मध्ये लाव्हांतीच्या लष्करी दफनभूमीत त्यांचं सन्मानाने दफन झालं, गढवाल रायफल्सचे जवान तिथे गेले होते.

धातूचे दोन आकडे नसते तर ते कायमचे ‘अनोळखी’ राहिले असते. ब्रिटिश सैन्याचं साधं बटण सगळ्या पलटणींना एकच, ते फक्त ‘या सैन्यातला’ एवढंच सांगतं. खांद्यावरचा बिल्ला त्याच्या एक पायरी पुढे नेतो.

कागदपत्री

जपून राहायला हवं, हेही कुणीतरी म्हणायला हवं. एक वस्तू धरून थेट नावापर्यंत उडी मारली की काय वाद होतात याचं मोठं उदाहरण रडयार्ड किपलिंग यांचा मुलगा जॉन. १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता. १९१९ मध्ये एक मृतदेह मिळाला, ‘आयरिश गार्ड्सचा लेफ्टनंट’ एवढीच नोंद. १९९२ मध्ये युद्धकबर आयोगाने तो जॉनच असं जाहीर केलं. पण जॉनची लेफ्टनंटपदाची बढती राजपत्रात आली ती तो मेल्यानंतर. मग त्याच्या खांद्यावर सेकंड लेफ्टनंटच्या एका तारकेऐवजी लेफ्टनंटच्या दोन तारका कशा असतील? आणि नोंदीतला नकाशाचा क्रमांकही लढाईच्या जागेशी जुळेना. यावर वीस-पंचवीस वर्षं वाद झाला. नंतरच्या संशोधकांनी आयोगाच्या बाजूने पुरावे मांडले, पण वाद पेटला तो खांद्यावरच्या एका तारकेवरून. वस्तू, कागद आणि जागा तिन्ही एकमेकांना धरून बोलतात का, हे बघितल्याशिवाय नाव देऊ नये.

वस्तूंवरचं साल मात्र भरवशाचं. काडतुसाच्या पुंगळीच्या बुडावर, बुटाच्या तळव्यावर बनावटीचं साल असतं. खड्ड्यात १९१७ ची एक पुंगळी असेल तर खड्डा त्याआधी बुजवलेला असूच शकत नाही. नंतर कितीही.

बर्फवाट

सामूहिक कबरीत बटणांची सरमिसळही बघण्यासारखी असते. लिथुआनियातल्या व्हिल्नियसला २००१ मध्ये बांधकामासाठी जमीन उकरताना नेपोलियनच्या सैनिकांची कबर निघाली, तीन हजारांवर माणसं. डिसेंबर १८१२, मॉस्कोहून माघार. फ्रेंच सैन्याच्या बटणांवर रेजिमेंटचा क्रमांक असे, आणि इथे चाळीसएक रेजिमेंटांची बटणं एकाच खंदकात मिसळलेली. आपापली माणसं आपापल्या तुकडीने पुरली असती तर असं झालं नसतं. ती बटणं म्हणजे सैन्य ‘सैन्य’ उरलं नव्हतं याची नोंदच.

त्याच कबरीत कपड्यांच्या चिंध्यांसोबत उवांचे अवशेष मिळाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या उवांमध्ये खंदकतापाच्या जिवाणूचा डीएनए सापडला. म्हणजे या माणसांना मारणाऱ्यांत थंडी आणि उपासमारीच्या जोडीला उवांनी पसरवलेले रोग होते. यापेक्षा लहान ‘वस्तू’ माझ्या माहितीत नाही.

मातीवाचक

एक फरक नोंदवून ठेवतो, कारण बातम्यांत तो पुसला जातो. सापडलेला प्रत्येक सैनिक ‘पुरलेला’ नसतो.

अल्सासमध्ये कार्सपाखजवळ रस्त्याच्या कामात २०१० मध्ये जर्मनांचा भुयारी आसरा लागला. १८ मार्च १९१८ ला तोफगोळ्यांनी तो कोसळला आणि २१ जण आतच राहिले. बाकं, बाटल्या, बूट, पाकिटं, जपमाळ, सगळं जिथल्या तिथे. कुणी बाकावर, कुणी जिन्याशी. दूध मिळावं म्हणून बहुधा ठेवलेल्या एका शेळीचा सांगाडाही. तिथे पुरणारा कुणीच नाही, म्हणून सामान इतकं भरलेलं आहे. उलट वॉटर्लूला २०१२ मध्ये बरगड्यांत गोळी असलेला एकटा माणूस मिळाला, त्याची नाणी त्याच्यापाशीच. त्या मैदानावर प्रेतं लुटली गेली, नंतर मोठ्या कबरीतली हाडंही उकरून विकली गेली असं आताचं संशोधन सांगतं. त्यात याच्या खिशातली नाणी राहिली म्हणजे लुटणाऱ्यांचा हात त्याच्यापर्यंत गेला नाही.

खिसा भरलेला असला की मी आधी हे विचारतो : याला कुणी पुरलं, की हा नुसता मातीखाली गेला?

पाऊलखुणा

आणि जिथे पुरणाराच लपवत असेल तिथे?

कागदपत्री

तिथे बारीक वस्तू साक्षीदार होतात, अक्षरशः न्यायालयात.

स्रेब्रेनित्सा, बोस्निया, जुलै १९९५. आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. आधी मोठ्या खड्ड्यांत पुरलं, मग काही आठवड्यांनी यंत्रांनी ते खड्डे उकरून प्रेतं दूरदूरच्या लहान खड्ड्यांत हलवली, पुरावा नष्ट करायला. यंत्राच्या फाळाने शरीरं तुटली. एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी मिळाली आहेत.

हलवताना माणसं हलली, पण सोबतची मातीही हलली. कोझ्लुकचा मूळ खड्डा एका बाटल्या भरायच्या कारखान्याचं फुटकं सामान टाकायच्या जागी होता. तिथल्या हिरव्या काचांचे तुकडे आणि बाटल्यांची लेबलं चांचारी रस्त्यावरच्या खड्ड्यात प्रेतांसोबत मिळाली. त्या काचेला तिथे असण्याचं दुसरं काहीच कारण नव्हतं. मातीतले परागकण आणि पुंगळ्याही अशाच जुळवल्या.

आणि घड्याळं. काहींच्या मनगटावर सेको कंपनीची, हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी, वार-तारीख दाखवणारी घड्याळं होती. हात थांबला की असं घड्याळ दीड-दोन दिवसांत थांबतं. थांबलेल्या वार-तारखा जुलैच्या मध्याच्या त्याच दिवसांशी जुळत होत्या. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर हा पुरावा मांडला गेला.

शोधयात्री, तुमच्या वाक्यात इथे एक भर घालायला हवी. पुरणाऱ्याचे हात दिसतात, आणि त्याने ते लपवायचा प्रयत्न केला तरी दिसतात.

आठवण

स्पेनमधलं एक लिहून थांबते. पालेन्सिया शहरात जुन्या दफनभूमीवर मुलांची बाग केली होती. १९३६ च्या यादवी युद्धात गोळ्या घातलेल्यांना तिथे पुरलं होतं. २०११ मध्ये तिथे खणताना एका स्त्रीच्या सांगाड्यापाशी तान्ह्या बाळाचा रंगीत खुळखुळा मिळाला. तिला मारलं तेव्हा तिचा धाकटा मुलगा नऊ महिन्यांचा होता. २०१९ मध्ये तो खुळखुळा त्या मुलाच्या हातात दिला गेला. त्याचं वय तेव्हा ८३.

प्लास्टिकसारख्या वस्तूचा रंग इतक्या वर्षांनीही टिकला होता.

अनामिक२७

इतके दिवस नुसता वाचत होतो. आज लिहावंसं वाटलं.

माझ्याकडे एक बटण आहे. पहिल्या महायुद्धातलं, पितळी, ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतलं. ‘रणांगणातून काढलेलं’ एवढंच लिहिलं होतं आणि त्या शब्दांमुळेच घेतलं. कुठलं रणांगण, कुणी काढलं, कशाशेजारी होतं, काही माहीत नाही. तेव्हा मला फार आनंद झाला होता. हा धागा वाचल्यापासून ते डबीतून बाहेर काढायचा धीर होत नाही. ते कुणाच्या छातीवरच्या ओळीतलं असेल का? त्याचं आता काही करता येईल का?

मातीवाचक

अनामिक२७, लिहिलंत हे चांगलं केलंत. सैनिकांच्या कोटातून बटणं नेहमीच तुटून पडत, बदलली जात, फेकली जात. प्रत्येक बटण कबरीतलं नसतं, बहुतेक नसतात. पण तुमचं कुठलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि नुकसान तेच आहे. फ्रान्समध्ये परवानगीशिवाय डिटेक्टर घेऊन अशा वस्तू शोधायला कायद्याने बंदी आहे ती यामुळेच. शिवाय तिथल्या शेतांत जिवंत तोफगोळे अजून निघतात.

करता येण्यासारखं थोडं आहे. विकू नका. विक्रेत्याचं वर्णन, पावती, तारीख जपून ठेवा, शक्य असेल तर त्याला विचारा की कुठून आलं, आणि उत्तर लिहून ठेवा. मागच्या बाजूला बनवणाऱ्याचं नाव असतं, ते वाचून बघा. आणि कृपा करून घासू-पुसू नका.

शोधयात्री

मातीवाचकांशी सहमत. आणि अनामिक२७, इथे कुणी तुम्हाला दोष देत नाहीये. आपल्यापैकी बहुतेकांना आधी वस्तूच आवडली, मग कळलं.

अनामिक२७

विक्रेत्याला पत्र पाठवलंय. अजून उत्तर नाही.

समोरची बाजू मी घेतल्या दिवशीच पॉलिश लावून चकचकीत केली होती. आता वाईट वाटतं. मागची बाजू तशीच होती. काल भिंगाखाली धरली. कडीच्या आत, हिरव्या गंजात, दोऱ्याचे दोन तंतू अजून अडकलेले आहेत. खाकी आहेत की मातीने तसे दिसतात ते कळत नाही. हात लावला नाही. डबीत कापूस घालून, तीच बाजू वर करून ठेवलंय.